तिसऱ्या पक्षाला मत देणे वेगळे, मतदानाचा नियम बदलणे वेगळे

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन्ही पक्षांना विटलेल्या मतदारांनी तिसऱ्या पक्षाला भरघोस मते दिली, तर द्विपक्षीय व्यवस्थेला आपोआप खिंडार पडेल. तिसऱ्या पक्षाला पाठिंबा देणे आणि निवडणूक पद्धत सुधारणे ही दोन निरनिराळी कामे येथे एकच मानली जातात, आणि त्या घोळात कित्येक कळकळीच्या माणसांची मेहनत वाया जाते, याची मला खंत वाटते.

मते फुटतात म्हणजे काय, हे भारतीय वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. २००० सालच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडा राज्यात रिपब्लिकन जॉर्ज बुश डेमोक्रॅटिक अल गोर यांच्याविरुद्ध ५३७ मतांनी जिंकले आणि तेथे ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना ९७ हजारांहून अधिक मते होती, एवढे आठवले तरी पुरे. गोर यांच्या पराभवाचे खापर नेडर यांच्या मतदारांवर फोडणे मला मुळीच मान्य नाही. दोष नियमाचा होता.

खरी गफलत होते ती तिसरा पक्ष यशस्वी झाला म्हणजे व्यवस्था बदलली, असे समजण्यात. १८५४ साली स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष नवखाच होता. १८६० मध्ये त्याचे लिंकन अध्यक्षपदी निवडून आले, आधीच्या दोन मोठ्या पक्षांपैकी व्हिग पक्ष लयाला गेला, आणि तरीही पुढे मैदानात मोठे पक्ष दोनच उरले, कारण ज्याला सर्वांत जास्त मते त्याचीच जागा हा नियम जसाच्या तसा राहिला. १९९२ मध्ये अध्यक्षपदाचे अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना देशभरात जवळजवळ १९ टक्के मते पडली, मेन राज्यात तर ते दुसऱ्या क्रमांकावर आले, पण अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळातील एकही मत त्यांच्या वाट्याला आले नाही.

नियम बदलणे म्हणजे काय, हे त्याच मेन राज्यात पाहावे. आपल्या पदवीधर मतदारसंघात असतो तसा, उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी पसंती देण्याचा पसंतीक्रम तेथे २०१८ पासून अमेरिकी संसदेच्या निवडणुकीतही वापरला जातो. त्या वर्षी मेनच्या दुसऱ्या क्रमांकाच्या मतदारसंघात रिपब्लिकन ब्रूस पॉलिक्विन पहिल्या मोजणीत पुढे होते, पण निम्म्याहून अधिक मते कोणालाच नव्हती. मग मागे पडलेल्या दोन अपक्षांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंत्या मोजल्या गेल्या आणि डेमोक्रॅटिक जॅरेड गोल्डन विजयी झाले. अपक्षाला पहिली पसंती देऊन पुढची पसंतीही नोंदवणाऱ्याचे मत वाया गेले नाही.

तिसऱ्या उमेदवारांचा यात काहीच हातभार नव्हता, असे मात्र नाही. २०१० मध्ये रिपब्लिकन पॉल लपेज ३८ टक्क्यांहूनही कमी मतांवर मेनचे गव्हर्नर, म्हणजे राज्य सरकारचे प्रमुख, म्हणून निवडून आले, कारण उरलेली बहुतेक मते एक अपक्ष आणि डेमोक्रॅटिक उमेदवार यांच्यात विभागली गेली होती, आणि त्या निकालाने लोकांना नियमातला दोष ढळढळीत दिसला. परंतु त्या नाराजीचा कायदा झाला तो सह्या गोळा करून २०१६ मध्ये सार्वमत जिंकल्यामुळे. नागरिकांनी स्वतः कायदा मांडण्याची ही सोय अमेरिकेतील सुमारे निम्म्या राज्यांतच आहे. इतरत्र जुन्या नियमाने निवडून आलेल्यांनाच तो बदलायला सांगावे लागते. म्हणून तिसऱ्या पक्षाला देणगी देण्यापूर्वी, तो नियम बदलण्यासाठी प्रत्यक्ष काय करत आहे, हे प्रत्येकाने त्याला विचारावे असे मी आग्रहाने सांगेन.

नुसता पसंतीक्रमही पुरेसा नाही: ऑस्ट्रेलियाच्या कनिष्ठ सभागृहात तो १९१८ पासून आहे, तरी सत्ता दोन गटांतच फिरते, तर न्यूझीलंडने १९९६ पासून मतांच्या प्रमाणात जागा दिल्या आणि तेथे छोटे पक्ष संसदेत रुजले. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, तसे करायचे तर एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडण्याची सक्ती करणारा १९६७ चा संघराज्याचा कायदा आधी बदलावा लागेल. मेनचा गव्हर्नर तर पक्षांतर्गत उमेदवार-निवडीनंतरच्या अंतिम निवडणुकीत आजही जुन्याच नियमाने निवडला जातो, कारण मेन राज्याची स्वतःची राज्यघटना आड येते, आणि तिच्या दुरुस्तीसाठी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते व त्यानंतर मतदारांची मान्यता लागते.