नावाला ओ कोण देतो?

राउटर बंद करून पुन्हा सुरू केला, की काल १९२.१६८.१.५ वर असलेला प्रिंटर आज १९२.१६८.१.९ वर जाऊन बसलेला असू शकतो. हे पत्ते राउटरमधली डीएचसीपी सेवा वाटते, तेही ठरावीक मुदतीपुरते. म्हणून यंत्राला आकड्याऐवजी नावानं हाक मारलेली बरी. पण त्या हाकेला ओ द्यायची कोणी?

इंटरनेटवर हे काम डीएनएस, म्हणजे नावावरून आकडी पत्ता सांगणारी व्यवस्था, करते. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ती मांडली. त्याआधी सगळी नावं एकाच फाइलीत असत आणि जो तो ती उतरवून घेई. (तशी ‘होस्ट्स’ फाइल आजही प्रत्येक संगणकात सापडते.) तुमच्या प्रिंटरचं नाव मात्र बाहेरच्या डीएनएसला ठाऊक नसतं. १९२.१६८ चे पत्ते घरोघरी तेच ते, त्यामुळे ते बाहेर कळवून उपयोगही नाही.

राउटर जाणता असेल तर प्रश्न तिथंच मिटतो. पत्ता मागताना बहुतेक यंत्रं आपलं नावही सांगतात. राउटरनं ते टिपून ठेवलं, की विचारणाऱ्याला तो स्वतःच उत्तर देतो. दुर्दैवानं कित्येक राउटर एवढेही कष्ट घेत नाहीत. प्रश्न सरळ बाहेर ढकलतात आणि ‘असं नाव नाही’ हे उत्तर आणून देतात.

अशा वेळी एमडीएनएस, म्हणजे घरच्या नेटवर्कातल्या सगळ्या यंत्रांना एकदम विचारायची डीएनएसची पद्धत, कामी येते. ‘प्रिंटर.लोकल कोण?’ हा प्रश्न २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर जातो. ऐकतात सगळे, उत्तर देतो ज्याचं नाव तो. नाव घेण्याआधी यंत्र पाव-पाव सेकंदाच्या अंतरानं तीनदा विचारतं, ‘हे नाव कुणाचं आहे का?’ कुणी ‘माझं’ म्हणालं, तर बिचारं निमूटपणे ‘प्रिंटर-२’ होतं.

ही हाक राउटर ओलांडत नाही. पाहुण्यांच्या वायफायवरून प्रिंटर दिसत नाही, त्यामागचं एक कारण हेच. शिवाय खोटी ओ देणाऱ्याला अडवायलाही कुणी नसतं.

बिघाड शोधताना आधी आकड्यानं पिंग करा, म्हणजे यंत्र उत्तर देतं का ते तपासणारी आज्ञा द्या. उत्तर आलं आणि नावानं आलं नाही, तर केबल आणि वायफायच्या मागे लागू नका. दोष नाव शोधण्यात आहे. मग राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवावा आणि नाव तिथंच नोंदवावं. फक्त त्या नावाला ‘.लोकल’ हे शेपूट लावू नये, ते एमडीएनएसचं आहे. घरगुती नेटवर्कसाठी २०१८ साली ‘होम.आर्पा’ हे शेपूट वेगळं काढून ठेवलेलं आहे.