तांबड्या रेघेचा माग : तेजोमेघांच्या रंगीत छायाचित्रणाची पार्श्वभूमी

विजयदुर्ग किल्ला पाहायला गेलेल्या माणसाला वाटाड्या हमखास ‘साहेबाचे कट्टे’ (ग्रहण पाहण्यासाठी गोऱ्या साहेबाने वापरल्याचे सांगितले जाणारे चौथरे) दाखवतो आणि हेलियमचा शोध इथेच लागल्याचे सांगतो. दर वर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणच्या या पट्ट्यावरून गेली, हे खरेच आहे. परंतु ज्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांचे नाव या कट्ट्यांशी जोडले जाते ते त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते, आणि सूर्याच्या वर्णपटातील (प्रकाश विलग केल्यावर दिसणाऱ्या रंगपट्ट्यातील) हेलियमची ती पिवळी रेघ त्यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला तिथूनच, ग्रहण नसताना, पाहिली. या सगळ्या चर्चेत त्या ग्रहणाची दुसरी मिळकत मात्र मागे पडते. आंध्रातल्या गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिअर जान्सेन यांनी आणि कर्नाटकातल्या जमखंडीला, श्रावणातल्या ढगांशी झगडत, लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी सूर्याच्या कडेला उसळणाऱ्या ज्वाला वर्णपटदर्शकातून न्याहाळल्या, तेव्हा सलग रंगपट्ट्याऐवजी सुट्या तेजस्वी रेघा दिसल्या. त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत हे त्यावरून ठरले. त्यांतली ठळक तांबडी रेघ हायड्रोजनची होती. तिची तरंगलांबी ६५६.३ नॅनोमीटर असून आज तिला हायड्रोजन-अल्फा, आणि छायाचित्रकारांच्या रोजच्या बोलण्यात नुसते ‘एच-अल्फा’, म्हणतात.

जानेवारीतल्या अमावास्येच्या आसपास देवगड-राजापूरकडच्या कातळसड्यांवर (उघड्या खडकाळ पठारांवर) ट्रायपॉड मांडून बसणारी हौशी मंडळी ज्या प्रकाशासाठी रात्र जागवतात, त्यातला सर्वांत मोठा वाटा याच रेघेचा असतो. तेजोमेघांच्या, म्हणजे अवकाशातल्या उजळ ढगांच्या, छायाचित्रणाचा इतिहास एका वाक्यात सांगायचा झाला, तर तो या तांबड्या रेघेला आधी डोळा, मग काच, मग फिल्म आणि शेवटी सेन्सर कसकसा चुकत गेला, याचा इतिहास आहे, असे मला वाटते.

तेजोमेघ वायूचे असतात हे ग्रहणाच्या चार वर्षे आधी समजले होते. २९ ऑगस्ट १८६४ रोजी विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एका छोट्या ग्रहीय (दुर्बिणीत ग्रहासारखा गोल दिसणाऱ्या) तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक वळवला, आणि त्यांना ताऱ्यांसारखा पट्टा न दिसता हिरवट रेघ दिसली. ही रेघ पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचे एक नवे मूलद्रव्य कल्पावे लागले. पुढे हेलियम खरा ठरला, नेब्युलियम ठरले नाही. ती रेघ दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या साध्या ऑक्सिजनचीच असून अत्यंत विरळ वायूतच ती उमटू शकते, असे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवले. तिची तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर, हौशी मंडळींची ‘ओ-थ्री’ ती हीच. मृगातला मोठा तेजोमेघ दुर्बिणीतून राखाडी, फार तर किंचित हिरवट दिसतो, कारण मंद प्रकाशात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ गप्प होतात आणि ज्या काम करतात त्यांना हिरवट-निळा प्रकाश बरा कळतो, तांबडा जवळपास कळतच नाही. पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावणाऱ्या मुलांची जी निराशा होते (“फोटोत तर गुलाबी होता!”), तिचे कारण हे आहे.

छायाचित्रणाने हा दोष लगेच दूर केला असे नाही. ३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कजवळ हेन्री ड्रेपर यांनी अकरा इंची दुर्बिणीतून ५१ मिनिटांच्या उघडझापीत (एक्स्पोजरमध्ये) मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. तीन वर्षांच्या आत अँड्र्यू कॉमन यांनी लंडनजवळच्या ईलिंगमधल्या आपल्या घरच्या बागेतून, ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीने, त्याच तेजोमेघाचे इतके उत्तम छायाचित्र घेतले की डोळ्याला न दिसणारे तारे त्यात उमटले. कॉमन पेशाने अभियंता होते, खगोल ही त्यांची हौस. या क्षेत्रात हौशी माणूस पहिल्यापासून पुढच्या रांगेत आहे, ही नोंद महत्त्वाची. मात्र त्या काळच्या छायाचित्रणाच्या, जिलेटिनचा लेप दिलेल्या काचा निळ्या प्रकाशालाच संवेदनशील होत्या, तांबड्याला आंधळ्या. रंगद्रव्ये मिसळून लेपाची नजर तांबड्याकडे सरकवता येते हे हर्मान फोगेल यांनी १८७३ मध्येच दाखवले होते. पण सर्व रंग टिपणाऱ्या काचा बाजारात येईपर्यंत १९०६ साल उजाडले.

रंगाचे सूत्र तर त्याहूनही जुने आहे. १८६१ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एका रंगीत फितीची तांबड्या, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीन वेगळी कृष्णधवल चित्रे घेऊन ती पडद्यावर एकावर एक पाडून दाखवली. आजचे प्रत्येक रंगीत खगोलचित्र मुळात हाच प्रयोग आहे. आकाशावर तो लागू व्हायला शतक लागले, याचे मोठे कारण फिल्मच्या स्वभावात होते. उघडझाप दुप्पट केली म्हणून फिल्मवर प्रकाश दुप्पट साठत नाही; मंद प्रकाशात फिल्म जसजशी थकते तसतसा हिशेब बिघडत जातो, आणि रंगीत फिल्मचे तीन थर वेगवेगळ्या गतीने थकत असल्यामुळे चित्राचा रंगच सरकतो. पालोमार वेधशाळेत विल्यम मिलर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस रंगीत फिल्मवर तेजोमेघ टिपले, तेव्हा हा सरकलेला रंग मोजून दुरुस्त करणे हाच त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. नंतर ऑस्ट्रेलियात ३.९ मीटरच्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या डेव्हिड मॅलिन यांनी रंगीत फिल्म बाजूला ठेवली. त्यांनी वायूची प्रक्रिया करून तिखट, म्हणजे अधिक संवेदनशील, केलेल्या कृष्णधवल काचांवर तीन फिल्टरांतून चित्रे घेतली आणि अंधाऱ्या खोलीत ती मॅक्सवेलच्या रीतीने जुळवली. आज संगणकावर करायची कित्येक कामे, जसे की मंद तपशील उठावदार करणे किंवा उजळ गाभा दाबणे, त्यांनी हाताने, काचेवर काच ठेवून केली. सॉफ्टवेअरमध्ये ‘अनशार्प मास्क’ या नावाने चित्र उलट धारदार करणारे जे बटण असते त्याचे मूळ अशाच अंधाऱ्या खोलीतल्या कामात आहे. त्या नावाने गोंधळलेल्या नवख्यांना हे सांगितले की पुष्कळ उलगडा होतो.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची, म्हणजे प्रकाश विजेच्या रूपात साठवणाऱ्या सेन्सरची, कल्पना मांडली आणि फिल्मचा थकवा हा प्रश्नच संपला. सेन्सरवरचा प्रकाश सरळ हिशेबाने साठतो, त्यामुळे दोन-दोन मिनिटांच्या शेकडो फ्रेमा घेऊन नंतर त्यांची बेरीज करता येते. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांच्या १९७६ च्या पेटंटातली रंगीत फिल्टरांची जाळी आजही बहुतेक रंगीत कॅमेऱ्यांत आहे. तिच्यात निम्मे बिंदू हिरवे, पाव तांबडे आणि पाव निळे असतात. म्हणजे एच-अल्फाच्या वाट्याला आधीच पाव सेन्सर येतो. त्यात भर म्हणून, माणसांचे चेहरे नैसर्गिक दिसावेत यासाठी साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढे एक फिल्टर बसवलेला असतो आणि तो या रेघेचा बहुतांश प्रकाश अडवतो. कॅननने २००५ मध्ये ‘२० डीए’ हे आकाशासाठीचे मॉडेल काढले, पण बहुतेक हौशी लोकांनी साधाच कॅमेरा उघडून तो फिल्टर काढण्याचा मार्ग धरला.

महाराष्ट्रात संघटित आकाशनिरीक्षणाची परंपरा जुनी आहे. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ ची. मुंबईच्या खगोल मंडळाच्या वांगणीतल्या रात्रींनी तर अनेक पिढ्यांना नक्षत्रे शिकवली. कोकणच्या किनाऱ्यावर छायाचित्रणाला खरा जोर डिजिटल कॅमेऱ्यानंतर आला. सडा ही इथली मोठी सोय आहे : उघडा, सपाट, झाडांच्या वर आणि वाडीच्या दिव्यांपासून दूर. पश्चिमेला समुद्राचा काळोख असतो, फक्त मच्छीमार बोटींचे दिवे क्षितिजाला चिकटून चमकत राहतात. गैरसोय हवेची. संध्याकाळचा खारा वारा पडून रात्री मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा) सुरू होईपर्यंत हवा जड राहते, आणि पहाटेच्या सुमारास दहिवर इतके पडते की भिंगाभोवती तापपट्टी गुंडाळली नसेल तर दोनच्या पुढच्या सगळ्या फ्रेमा धुक्यातल्यासारख्या येतात.

खाऱ्या दमट हवेचा दुसरा प्रसाद म्हणजे बुरशी. माझ्या जुन्या १३५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये ती शिरल्याचे मला डोळ्यांनी कळलेच नव्हते. पांढऱ्या टी-शर्टाचे कापड लेन्सवर ताणून पहाटेच्या आभाळाच्या ‘फ्लॅट’ (सर्वत्र सारख्या उजेडाच्या) फ्रेमा घेतल्या आणि संगणकावर त्यांतली छटा वाढवून पाहिली, तेव्हा एका कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी फिकट नक्षी उमटली. त्याआधीचा पूर्ण हंगाम त्या कोपऱ्यातली मंदता तेजोमेघाचीच काळी धूळ समजून मी जपली होती.

रंगप्रक्रिया शिकणे म्हणजे मुख्यतः अशा चुका ओळखायला शिकणे. झाकण लावून घेतलेल्या ‘डार्क’ फ्रेमांनी सेन्सरच्या उष्णतेचे ठिपके वजा होतात, फ्लॅटने धूळ आणि कडांचा अंधार निघतो, आणि स्टॅकिंगने, म्हणजे फ्रेमांच्या बेरजेने, चित्रातली दाणेदार खरखर कमी होते. खरखर फ्रेमांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या हिशेबाने उतरते : ४ फ्रेमांत निम्मी, १०० फ्रेमांत एक दशांश. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडलेली बेरीज उघडली की पडदा काळाच दिसतो. चार-दोन तारे, बाकी काही नाही. हिस्टोग्रामचा, म्हणजे किती बिंदू किती उजळ आहेत हे दाखवणाऱ्या आलेखाचा, सगळा डोंगर डाव्या भिंतीला टेकलेला असतो. तो हलक्या हाताने ताणायला लागले की मृगाच्या पट्ट्याखालून आधी करडे, मग तांबूस काहीतरी वर येते, आणि त्याबरोबर सह्याद्रीच्या बाजूच्या गावांचा पिवळट उजेडही येतो. हा उजेड ताणण्याआधीच वजा करायचा असतो, हे प्रत्येक जण एकदा तरी उलटे करून शिकतो. तेजोमेघाचा गाभा तर इतका उजळ आहे की दोन मिनिटांच्या फ्रेमांत तो पांढरा फटक होतो, म्हणून काही सेकंदांच्या फ्रेमा वेगळ्या घेऊन तिथे मिसळाव्या लागतात.

यानंतर रंग खरा की खोटा, हा वाद येतो. १ एप्रिल १९९५ रोजी हबल दुर्बिणीतून जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी गरुड तेजोमेघातल्या स्तंभांची चित्रे घेतली, आणि त्यांत गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा रंग नेमला. गंधक आणि हायड्रोजन दोन्ही प्रत्यक्षात तांबडेच असल्याने त्यांना वेगळे दाखवायचा दुसरा मार्ग नव्हता. अशा रंगांना ‘खोटे रंग’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला ‘नेमलेले रंग’ हा शब्द अधिक योग्य वाटतो, कारण नकाशात डोंगर तपकिरी दाखवला म्हणून तो नकाशा खोटा ठरत नाही. हिरवी बाजू दाबून सोनेरी-निळे चित्र काढणे ही मात्र हौशी जगातली नंतरची आवड आहे, तिला मोजमाप म्हणता येणार नाही. नैसर्गिक रंगांसाठी आज चांगला आधार आहे : चित्रातल्या ताऱ्यांचे रंग गाया या ताऱ्यांचे मोजमाप करणाऱ्या उपग्रहाच्या मोजणीशी ताडून सॉफ्टवेअर पांढरा रंग ठरवते, डोळ्याच्या अंदाजावर काही राहत नाही.

किनाऱ्यावर याची कसोटी एप्रिलमध्ये लागते. मालवणहून दक्षिणेला, रात्री नऊ-दहाच्या सुमारास, कराइना तेजोमेघ क्षितिजाच्या जेमतेम चौदा अंश वर येतो. युरोपातल्या बहुतेकांना तो कधी दिसतच नाही, म्हणून ही आपली खास मिळकत. पण त्या उंचीवर वातावरणाचा थर माथ्यावरच्या चौपट असतो, आणि तो निळा प्रकाश खाऊन सगळ्या ताऱ्यांना पिवळट करतो. रंग जुळवला नाही तर संपूर्ण चित्र हळद लागल्यासारखे दिसते, आणि नवखा माणूस ते तेजोमेघाचेच वैशिष्ट्य समजतो. जुळवल्यावर ताऱ्यांचा निळा परत येतो, मात्र त्याच्याबरोबर निळ्या बाजूची खरखरही वाढते, कारण जो प्रकाश हवेने वाटेत खाल्ला तो कोणत्याही गणिताने परत मिळत नाही. तिथे जास्त फ्रेमा घेणे एवढाच उपाय आहे.

मेच्या अखेरीस कॅमेरे, लेन्स आणि ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारी यंत्रे) सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यांत जातात. मृग लागतो तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असतो आणि मृगातला तेजोमेघ दिसण्याचा प्रश्नच नसतो. पुढचे चार महिने हार्ड डिस्कवरच्या हिवाळ्यातल्या फ्रेमा पुन्हा उघडल्या जातात, वीज गेली की काम तिथेच थांबते, आणि आली की हिस्टोग्राम परत पहिल्यापासून ताणायला घेतला जातो.