पैसेवारी, रब्बीची गावं आणि सोलापूरचा दुष्काळ : पार्श्वभूमी

पाऊस दगा देतो त्या वर्षी सोलापूर जिल्ह्यात एकच यादी सगळे शोधतात. आपला तालुका दुष्काळी यादीत आला की राहिला? त्यावर वीज बिलातली सवलत, पोरांची परीक्षा फी, सोसायटीच्या कर्जाची वसुली, चारा आणि टँकर असं सगळं ठरतं. ही यादी कशी बनते याला मोठा इतिहास आहे, आणि गावांची खरी तक्रार त्या इतिहासातच दडलेली आहे.

1876-77 च्या दुष्काळात मोहोळ तालुक्यातल्या आष्टी तलावाचं काम दुष्काळी काम म्हणून निघालं. 1972 च्या दुष्काळात लोक पुन्हा खडी फोडायला गेले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीला 1977 मध्ये कायद्याचं रूप मिळालं. 1980 च्या सुमारास उजनी धरण भरू लागलं. पंढरपूर, माढा, माळशिरसच्या बऱ्याच शिवारांत ऊस उभा राहिला. त्याच तालुक्यांच्या दुसऱ्या टोकाला मात्र पाणी पोचलं नाही. जिल्ह्याचं हे दुभंगलेपण पुढच्या प्रत्येक निकषात आडवं येतं.

सर्वांत जास्त भांडण पैसेवारीवर, म्हणजे गावाचं पीक किती आलं ते पैशांत मांडणाऱ्या आकड्यावर झालं. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक या हिशोबातून आलेली जुनी आणेवारी दशमान नाणी आल्यावर पैशांत गेली. 50 पैशांच्या आत गेलेलं गाव टंचाईचं, वर राहिलेलं गाव ठीक. पद्धत कागदावर सरळ आहे. सर्कल अधिकारी, तलाठी, कृषी सहाय्यक, सरपंच आणि गावचे काही शेतकरी हलक्या, मध्यम आणि भारी जमिनीतले प्लॉट निवडतात. दोरीनं चौकोन आखून त्यातलं पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं आणि मागच्या वर्षांच्या सरासरीशी ताडायचं. खरिपाचा नजर अंदाज सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर, अंतिम डिसेंबरात.

पहिली अडचण प्लॉटच्या निवडीतच आहे. ओढ्याकाठची भारी जमीन दोरीत आली की आकडा चढतो, माळावरची आली की पडतो, आणि 49 आणि 51 या दोन आकड्यांत गावाचं वर्ष फिरतं. दुसरी अडचण सरासरीची. सलग दोन-तीन वर्षं पीक गेलं की सरासरीच खाली येते, मग त्याहून थोडं बरं आलेलं पीकही कागदावर समाधानकारक दिसतं. सतत मार खाणाऱ्या गावाला मदत मिळणं त्यामुळे उलट अवघड होतं.

तिसरी अडचण खास सोलापूरची, आणि माझ्या मते सर्वांत अन्यायाची. महसूल खातं प्रत्येक गाव खरिपाचं की रब्बीचं हे ठरवून ठेवतं. सोलापूर हा ज्वारीचा जिल्हा, मंगळवेढ्याच्या मालदांडी वाणाचा. त्यामुळे इथली बहुतेक गावं रब्बीची धरली गेली. पण बार्शी, अक्कलकोट, उत्तर सोलापूर या भागांत शेतकरी कधीच उडीद, तूर, सोयाबीनकडे वळला. ऑगस्टात सोयाबीन वाळलं तरी रब्बीचं गाव म्हणून त्याची पैसेवारी निघायची मार्चात, आणि तीही ज्वारीवरून. तोवर सावकाराचं व्याज चढलेलं असतं. शिवारातली पिकं बदलली, दप्तरातला शेरा बदलायला मात्र कैक हंगाम लागले.

2016 मध्ये केंद्राची नवी दुष्काळ संहिता आली आणि पैसेवारीचं वजन घटलं. पावसाची तूट, पेरणीचं क्षेत्र, जमिनीतली ओल, उपग्रहाला दिसणारी हिरवळ, भूजल असे निर्देशांक आले. तलाठ्याच्या मर्जीवर काही राहणार नाही, हा त्यातला मोठा फायदा आणि तो मान्य केला पाहिजे. पण मोजमाप गावावरून तालुक्यावर गेलं. उजनीच्या कालव्याखालचा ऊस उपग्रहाला हिरवा दिसतो. त्याच तालुक्याच्या कोरड्या टोकाला प्यायला टँकर लागतो, तरी हिशोब एकच. शिवाय खरिपाचा दुष्काळ ऑक्टोबरअखेर जाहीर करायचा. आपल्याकडे हस्ताच्या पावसावर ज्वारी पेरतात. ती उगवली की नाही हे तेव्हा नुकतं कळत असतं.

2023 मध्ये हेच झालं. ऑक्टोबरअखेर राज्यातले 40 तालुके जाहीर झाले. त्यात जिल्ह्यातले बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा आणि माढा होते. मंगळवेढ्याची दक्षिणेकडची कोरडी गावं, जिथल्या लोकांनी पाण्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, त्या यादीबाहेर राहिली. ओरड झाल्यावर नोव्हेंबरात राज्यभर 1021 महसूल मंडलांत (मंडल म्हणजे तालुक्याहून लहान, काही गावांचा गट) दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करावी लागली. निकष होता सरासरीच्या 75 टक्क्यांहून कमी आणि एकूण 750 मिलिमीटरहून कमी पाऊस. सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या मदतीसाठी धरलेले तालुके तेच 40.

तालुक्यावरून मंडलावर आलेलं हे पाऊल योग्य दिशेचं होतं, पण तेही पुरत नाही हे 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुरानं दाखवलं. अतिवृष्टी धरायला मंडलात एका दिवसात 65 मिलिमीटर पाऊस लागतो. सीनेचं पाणी मात्र वरच्या जिल्ह्यांतून येतं. माढा, मोहोळ, करमाळ्याच्या काठच्या शिवारात उभी पिकं आणि मातीही वाहून गेली. तिथं पर्जन्यमापकापेक्षा पंचनामाच कामाला आला, म्हणजे पुन्हा गावात उतरून, बांधावर उभं राहून केलेली नोंद.