अनुदान-निश्चिती (सामाजिक सेवासंस्था)

निवारा, बालसंगोपन, विशेष शिक्षण, व्यसनमुक्ती, एचआयव्ही-प्रतिबंध ही कामे शासनाच्या पैशावर करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला किती रक्कम मिळणार, कधी मिळणार आणि किती वर्षे मिळत राहणार, हे आधी ठाऊक असणे म्हणजे अनुदान-निश्चिती. ही संज्ञा मराठीत अजून रुळलेली नाही. तिच्या अभावाचे शब्द मात्र ठाणे-नवी मुंबईतल्या कुठल्याही संस्थेच्या कार्यालयात ऐकू येतात : थकीत हप्ता, मार्चअखेर, मुदतवाढ, पदरमोड.

मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत, हा या विषयाचा गाभा आहे. अर्थसंकल्पात तरतूद होते, मग प्रशासकीय मान्यता, मग निधीचे वितरण, मग कोषागारात देयक. केंद्र पुरस्कृत योजनेत केंद्राचा हिस्सा आणि राज्याचा हिस्सा दोन्ही जुळून यावे लागतात. तरतूद अपुरी पडली तर पावसाळी किंवा हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांची वाट पाहावी लागते. एप्रिलमध्ये सुरू झालेल्या कामाचा पैसा अशा वाटेने वर्षाच्या शेवटच्या दिवसांत पोचू शकतो. मुलांना मात्र १ एप्रिललाही दोन वेळचे जेवण लागते.

त्यात उपयोगिता प्रमाणपत्राचे, म्हणजे मिळालेले अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्याचे, चक्र आहे. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार आधीच्या अनुदानाचा हिशेब दिल्याशिवाय पुढचे अनुदान सुटत नाही. नियम रास्तच आहे, लोकांच्या पैशाचा हिशेब हवाच. पण हप्ता उशिरा आला की खर्च उशिरा होतो, म्हणून लेखापरीक्षण लांबते, म्हणून प्रमाणपत्र लांबते आणि पुढचा हप्ताही अडतो. पहिला उशीर कोणाचा होता हे फाइलवर कुठेच दिसत नाही. संस्थेचा उशीर तेवढा दिसतो.

रकमांचा आकारही पाहावा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आलेल्या निकषानुसार दर एक लाख लोकसंख्येमागे १०० बेघरांसाठी निवारा हवा. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख, नवी मुंबईची ११.२ लाख होती; त्या हिशेबाने ठाण्यात सुमारे १,८४० आणि नवी मुंबईत १,१२० जणांची सोय हवी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात ५० जणांच्या निवाऱ्यासाठी संचालन खर्च वर्षाला ६ लाख रुपये, तोही पाच वर्षांपुरता, धरला होता. म्हणजे माणशी महिना एक हजार. काळजीवाहक, सफाई, वीज, पाणी सारे त्यातच. इतक्या तुटपुंज्या रकमेतून तीन महिन्यांचा उशीर सोसण्याइतकी शिल्लक कोणतीही संस्था टाकू शकत नाही.

महानगरपालिकेकडून येणारा पैसा तर आणखी कच्चा धागा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात (१९४९) कर्तव्यांची बंधनकारक आणि ऐच्छिक अशी विभागणी आहे, आणि अशी बरीचशी मदत ऐच्छिक बाजूला पडते. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकांपर्यंत कारभार प्रशासकांकडे होता. अंदाजपत्रकेही त्यांनीच मंजूर केली. या काळात अडलेल्या हप्त्याबद्दल सभेत प्रश्न विचारणारा नगरसेवक नव्हता.

अनिश्चिततेची खरी किंमत माणसांत मोजावी लागते. ११ महिन्यांच्या करारावरची समुपदेशक दोन महिने पगाराविना कळवा किंवा घणसोलीत भाडे भरू शकत नाही. ती जाते, आणि तिच्याबरोबर लोकांचा विश्वासही जातो. एचआयव्ही-प्रतिबंधाच्या टीआय (टार्गेटेड इंटरव्हेन्शन, म्हणजे जास्त जोखमीच्या गटांसाठीच्या) प्रकल्पांत, जिथे देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांच्यापर्यंत पोचायचे असते, तिथे ओळख हेच कामाचे भांडवल. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी सिग्नलवर राहणाऱ्या मुलांसाठी २०१६ मध्ये सुरू केलेल्या सिग्नल शाळेतली मुले दहावीपर्यंत पोचली. अशा प्रवासाला वर्षानुवर्षे लागतात, एका आर्थिक वर्षात तो मावत नाही.

उद्योगांचा सामाजिक दायित्व निधी ही पोकळी भरून काढील, असे नेहमी सुचवले जाते. कंपनी कायद्याच्या (२०१३) कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कंपन्या कमी नाहीत. पण कोणत्या कामाला किती द्यायचे हे कंपनी ठरवते. संगणक कक्षाला देणगीदार चटकन मिळतो, रात्रपाळीच्या काळजीवाहकाच्या पगाराला सहसा मिळत नाही.

२००७ च्या स्वयंसेवी क्षेत्रविषयक राष्ट्रीय धोरणाने शासन आणि संस्था यांची भागीदारी मान्य केली. मात्र धोरण दाखवून थकीत हप्त्यावर व्याज मागता येत नाही. व्यापारात तसा हक्क आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार (२००६) खरेदीदाराने, मग तो सरकारी विभाग का असेना, लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. वागळे इस्टेटमधल्या नोंदणीकृत लघुउद्योगाने सरकारी बालगृहाला खाटा पुरवल्या, तर त्याला हे संरक्षण आहे. त्याच शहरात सरकारी अनुदानावर बालगृह चालवणाऱ्या संस्थेच्या हप्त्याला ते नाही.