टीमसाठी लायसन्स: मोजमाप यंत्राचं की माणसाचं?

टीमसाठी सॉफ्टवेअर घेताना आपण आधी किंमत बघतो. खरं तर त्याआधी बघायला हवं की कंपनी पैसे कशाचे लावतेय: यंत्राचे, एका वेळी वापरणाऱ्यांचे, की नावानिशी नोंदलेल्या माणसांचे. दरपत्रकात शेजारी शेजारी दिसणारे हे पर्याय वेगवेगळ्या काळात आलेत, आणि प्रत्येकामागे त्या त्या वेळी विकणाऱ्याला काय मोजता येत होतं, हे कारण आहे.

सुरुवातीला मोठ्या कॉम्प्युटरबरोबर सॉफ्टवेअर बहुधा यंत्राच्या भाड्यातच मिळे. अमेरिकी सरकारने मक्तेदारीचा खटला भरल्यावर आयबीएमने जून १९६९ मध्ये दोन्हींचे दर वेगळे करण्याची घोषणा केली. यंत्रं मोजकी आणि अवजड होती, त्यामुळे लायसन्स यंत्राला बांधणं सोपं होतं. त्यासाठी दरमहा भाडंही आकारलं जाई. सबस्क्रिप्शन ही आजची टूम नाही ती अशी.

१९८० च्या दशकात इंजिनिअरांच्या टेबलांवर नेटवर्कने जोडलेली वर्कस्टेशन आली आणि फ्लोटिंग लायसन्सची, म्हणजे एका वेळी किती जण वापरतायत ते मोजणाऱ्या लायसन्सची, सोय झाली. अशी लायसन्स सांभाळणाऱ्या प्रोग्रामांत १९८८ मध्ये आलेलं फ्लेक्सएलएम सगळ्यात पसरलेलं. त्याचं काम साधं आहे. सर्व्हरवर मजकुराची एक छोटी फाइल असते. तिच्यात उत्पादनाचं नाव, आवृत्ती, मुदत आणि संख्या. संख्या दहा असेल तर दहा जण एका वेळी प्रोग्राम उघडू शकतात. अकराव्याला नकार मिळतो, मग तो 'कोणी बंद करतंय का' असं सगळ्यांना विचारत फिरतो. कुणीतरी प्रोग्राम उघडा ठेवून जेवायला गेलेलं असतंच! त्यावर उपाय म्हणून रिकामी पडलेली सीट (म्हणजे एकाला वापरायची परवानगी) ठरावीक वेळाने काढून घेण्याची आणि एखाद्या गटासाठी काही सीट राखून ठेवण्याची सोय आली. पाळ्यांमध्ये चालणाऱ्या टीमला याच्याइतका किफायतशीर पर्याय, माझ्या मते, नंतर कुणी दिला नाही.

इंटरनेटवर लॉगिन करणं सवयीचं झाल्यावर माणूसच मोजता येऊ लागला. ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर देणारी, १९९९ मध्ये स्थापन झालेली सेल्सफोर्स माणशी दरमहा पैसे घेत होतीच. मे २०१३ मध्ये फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीने कायमस्वरूपी लायसन्सच्या नव्या आवृत्त्या काढणं थांबवण्याचं जाहीर केलं, आणि हप्ता थांबला की प्रोग्रामही थांबणार हे डिझायनरांना कळून चुकलं.

प्रोग्रामरांसाठी साधनं बनवणाऱ्या जेटब्रेन्सने सप्टेंबर २०१५ मध्ये तोच रस्ता धरला तेव्हा प्रोग्रामरांनी एवढा गदारोळ केला की कंपनीला मधला मार्ग काढावा लागला: सलग वर्षभर पैसे भरले, तर त्या वर्षाच्या सुरुवातीला असलेली आवृत्ती कायमची तुमची. वार्षिक करारात असं कलम आहे का, हे बघून घ्यावं. बजेट कापलं गेलं की तेच कामाला येतं.

ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने ऑगस्ट २०२० पासून सामायिक, म्हणजे फ्लोटिंग, लायसन्स मागे घ्यायला सुरुवात केली. नूतनीकरणाच्या वेळी एका सामायिक सीटच्या बदल्यात साधारण त्याच दरात दोन नावांच्या सीट मिळत. दोघांत एक सीट वापरणाऱ्यांचं यात काही बिघडलं नाही. तीन पाळ्यांत तिघांना एकच सीट पुरवणाऱ्यांना मात्र तिसऱ्या माणसाचे पैसे वेगळे मोजावे लागले.