सॅम्युएल, मार्कस

सॅम्युएल, मार्कस : (५ नोव्हेंबर १८५३–१७ जानेवारी १९२७). ब्रिटिश तेल-उद्योजक व ‘शेल ट्रान्सपोर्ट अँड ट्रेडिंग’ कंपनीचा संस्थापक. जन्म लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात, ज्यू कुटुंबात. हे घराणे मूळचे बगदादचे असल्याचे काही ठिकाणी नमूद आहे. तथापि अठराव्या शतकाच्या मध्यास ते हॉलंड व बव्हेरियातून इंग्लंडात आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

वडील शिंपल्यांनी मढवलेल्या शोभेच्या पेट्या विकत. धाकटा भाऊ सॅम्युएल सॅम्युएल याने जपानमधील व्यापार सांभाळला. १८९० मध्ये मार्कसने कॉकेशसमधील तेलव्यवहार प्रत्यक्ष पाहिला व पुढे तेथील तेलधंद्यात असलेल्या रॉथ्सचाइल्ड या पेढीवाल्या घराण्याशी घासलेटचा करार केला. तेल डब्यांऐवजी थेट जहाजाच्या टाक्यांतून, तेही सुएझ कालव्यातून न्यावे, ही त्याची योजना. त्यासाठी जहाजरचनाकार फोर्टेस्क्यू फ्लॅनरीने आखलेल्या ‘म्युरेक्स’ जहाजात उष्णतेने फुगणाऱ्या तेलासाठी मोकळी जागा ठेवली होती. परतीच्या मालासाठी टाक्या वाफेने धुता येत. ऑगस्ट १८९२ मध्ये ते कालवा ओलांडून गेले. पुढची अडचण मात्र हिशेबात नव्हती. पूर्वेकडील गिऱ्हाईक स्वतःचे भांडे आणीना. त्याला डबाही हवा होता, कारण रिकाम्या डब्याचे पत्रे छपराला, बादल्यांना लागत. तेव्हा पत्रा पूर्वेकडे पाठवून तिथेच लाल डबे तयार होऊ लागले. प्रतिस्पर्धी अमेरिकन ‘स्टँडर्ड ऑइल’ कंपनीचे डबे निळे असत.

कंपनी १८९७ मध्ये स्थापन झाली. ‘शेल’ (शिंपला) हे नाव वडिलांच्या धंद्यावरून आले, याविषयी फारसा वाद नाही. बोधचिन्हाचे तसे नाही. १९०१ मधील चिन्ह शिनाण्याच्या (मसल) शिंपल्याचे होते. १९०४ मध्ये पंख्याच्या आकाराचा शिंपला आला. सॅम्युएलचे तेल हिंदुस्थानात विकणारे व पुढे कंपनीचे संचालक झालेले ग्रॅहम यांच्या कुलचिन्हावरून तो घेतला असावा, असे एक मत आहे. या घराण्याचे पूर्वज स्पेनमधील सांतिआगोच्या यात्रेला गेले होते व शिंपला ही त्या यात्रेची खूण होय. पुरावा निर्णायक नसला, तरी चिन्हातील बदलाचा उलगडा या मताने अधिक चांगला होतो.

युद्धनौकांनी कोळशाऐवजी तेल जाळावे, असा सॅम्युएलचा आग्रह होता. १९०२ ची ‘हॅनिबल’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील चाचणी काळ्या धुरात फसली. त्याच सुमारास तो लंडनचा लॉर्ड मेयर होता. १९०७ मध्ये ‘रॉयल डच’ या डच तेलकंपनीशी ६०:४० प्रमाणात विलीनीकरण झाले, त्यात ‘शेल’चा वाटा ४० टक्के होता व सूत्रे ‘रॉयल डच’चा प्रमुख हेन्री डेटरडिंग याच्याकडे गेली. १९२५ मध्ये तो व्हायकाउंट बेअरस्टेड झाला. मुंबईत माहुलला तेलशुद्धीकरण कारखाना उभारणारी ‘बर्मा-शेल’ त्याच्या मृत्यूनंतरची (१९२८).