डॅटसन झेडचा बंपर मागवण्यापूर्वी : अमेरिकी आणि जपानी भागांतला फरक

‘जपानी बंपर पाठवा’ असा निरोप आम्हाला वारंवार येतो आणि आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : गाडी कोणत्या महिन्यात बनली? २४०-झेड, २६०-झेड आणि २८०-झेड या जपानच्या निस्सान कंपनीने ‘डॅटसन’ नावाने अमेरिकेत विकलेल्या स्पोर्ट्स गाड्या, तिघी एकाच घराण्यातल्या. पण अमेरिकेत विकलेल्या गाड्यांचे बंपर १९७० ते १९७८ या काळात इतके बदलत गेले की नुसत्या मॉडेलच्या नावावर भाग मागवला तर पैसे वाया जातात. अमेरिकेत जुनी झेड सांभाळणाऱ्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी ही माहिती एकत्र दिली आहे.

जपानमध्ये ही गाडी १९६९ च्या अखेरीस ‘निस्सान फेअरलेडी झेड’ या नावाने आली. तिचा बंपर म्हणजे पातळ क्रोमची पट्टी, जेमतेम बॉडीला लागून. सुरुवातीच्या अमेरिकी २४०-झेडचा बंपरही तसाच नाजूक होता. मग १ सप्टेंबर १९७२ पासून अमेरिकेत नियम लागू झाला : नव्या गाडीला पुढून ताशी ५ मैल आणि मागून ताशी २.५ मैल वेगाचा धक्का बसला, तरी दिवे, इंधनाची यंत्रणा असे सुरक्षेचे भाग निकामी होता कामा नयेत. वर्षभराने मागची मर्यादाही ५ मैलांवर गेली. परिणाम गाडीवर दिसतो. १९७३ च्या २४०-झेडवर बंपर जरा पुढे सरकला, आतून मजबुती आली. १९७४ च्या उत्तरार्धातल्या २६०-झेडवर शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर बसवलेला जाडजूड बंपर आला आणि २८०-झेडवर तो शेवटपर्यंत राहिला. दोन सीटची २८०-झेड मूळ २४०-झेडपेक्षा सुमारे १० इंच लांब भरते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर मात्र तेवढंच आहे, म्हणजे वाढ झाली ती मुख्यतः टोकांना. जपानमधल्या फेअरलेडी झेडला या नियमाची सक्ती नव्हती, त्यामुळे तिथे पातळ बंपरच चालू राहिला. आमच्या मते या गाडीची मूळ रेषा त्याच बंपरवर खुलते, आणि ग्राहक तो मागतात यात नवल नाही.

तेव्हा आधी चालकाच्या बाजूचं दार उघडा. चौकटीवरच्या लहान पट्टीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. २६०-झेडवाल्यांनी तर हे पाहिल्याशिवाय काहीच मागवू नये, कारण १९७४ या एकाच वर्षात लहान आणि जाडजूड अशा दोन्ही तऱ्हेच्या बंपरच्या गाड्या निघाल्या. चॅसिस नंबरही पाहा. अमेरिकी २४०-झेड आणि २८०-झेडचा नंबर ‘एचएलएस-३०’ने सुरू होतो, तर जपानमधल्या दोन लिटर इंजिनवाल्या गाडीचा नुसत्या ‘एस-३०’ने.

तुमची गाडी १९७२ पर्यंतची २४०-झेड असेल तर काम सोपं आहे. २८०-झेडवर पातळ बंपर चढवायचा असेल तर मात्र बंपर हा खर्चाचा एक भाग झाला, सगळा खर्च नव्हे. जाड बंपर काढला की शॉक अ‍ॅब्सॉर्बरची भोकं उघडी पडतात, बंपर आणि बॉडीमधली फट झाकणारं रबर निघतं, आणि पातळ बंपरचे ब्रॅकेट जुन्या जागी जसेच्या तसे बसत नाहीत. शिवाय २४०-झेडचे पुढचे इंडिकेटर बंपरच्या खाली असतात आणि २८०-झेडचे वर, जाळीच्या भागात. हुबेहूब जुना चेहरा हवा असेल तर बंपरखालचा पत्राही बदलावा लागतो. डेंटिंग-पेंटिंगचा खर्च धरूनच निर्णय घ्या.

मागचा पातळ बंपर तीन तुकड्यांचा असतो : मधला आणि दोन कोपरे. खरा कस जोडावर लागतो. तिन्ही तुकड्यांचे बोल्ट आधी हाताने, सैलच लावा. मागे उभं राहून दोन्ही जोडांवर क्रोमची वरची कड सलग दिसते का पाहा, कोपऱ्यापासून बॉडीचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं करा, आणि मगच पाना फिरवा. एका बाजूचा बोल्ट आधी आवळला की दुसरा कोपरा वर उचलला जातो आणि नवा भागही वाकडा वाटू लागतो.

नंबर प्लेटची गफलतही नेहमीची. जपानी प्लेट ३३० × १६५ मिलिमीटरची, तिच्या भोकांमधलं अंतर २१० मिलिमीटर. अमेरिकी प्लेट १२ × ६ इंचांची, भोकं ७ इंचांवर, म्हणजे सुमारे १७८ मिलिमीटर. प्लेट बसवायचा जपानी माउंट घेतला तर मध्ये जोडपट्टी लागेल. बंपरला नवी भोकं पाडू नका. क्रोमचा थर तिथेच फुटतो आणि गंज आत शिरतो.

‘जी-नोज’ हा वेगळाच विषय. १९७१ मध्ये फक्त जपानसाठी आलेल्या फेअरलेडी २४०-झेडजीचं फायबरचं लांब नाक आणि हेडलाइटवरची पारदर्शक झाकणं मिळून तो चेहरा बनतो. त्या गाडीची लांबी ४३०५ मिलिमीटर, साध्या फेअरलेडीची ४११५. बाजारातल्या नकला खूप आहेत आणि बॉनेटशी त्यांची फट क्वचितच सरळ येते. रंगवण्याआधी कोरडी बसवून पाहिल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

जुना मूळ बंपर घेताना पुढची चकाकी पाहून भुलू नका, उलटा करून आतला पत्रा तपासा. ओव्हररायडर (बंपरवर उभा बसवलेला ठोकळा) काढलेला असेल तर त्याची भोकं राहतात. ती भरून पुन्हा क्रोम करणं महाग पडतं. व्हिएतनाममध्ये बनणारे स्टेनलेस स्टीलचे बंपर चांगला पर्याय आहेत, पण क्रोमची झाक निळसर आणि स्टीलची किंचित उबदार असते. पुढे एक आणि मागे दुसरा लावलात तर उन्हात फरक कळतो. जोडी एकाच धातूची घ्या.

जपानी रूपासाठी कडेचे मार्कर दिवे काढून पत्रा गुळगुळीत करण्याची मागणी येते. अमेरिकेत १९७० पासूनच्या गाड्यांना ते दिवे बंधनकारक आहेत, त्यामुळे ते काम आम्ही सुचवत नाही. मोठा बंपर उतरवण्याआधी तुमच्या राज्याचे तपासणीचे नियम आणि विमा कंपनीचं म्हणणं विचारून घ्या. उतरवलेला बंपर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि रबर एकही बोल्ट न हरवता जपून ठेवा. गाडी विकताना मूळ भाग मागणारा ग्राहक भेटतोच.

भाग मागवताना आम्हाला दारावरच्या पट्टीचा फोटो, सध्याच्या बंपरचे पुढून, मागून आणि खालून काढलेले फोटो, आणि ब्रॅकेटच्या भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये पाठवा. खालचा फोटो विसरू नका, बहुतेक अडचणी तिथेच दिसतात.